माफीला मुदत नसते

सोमवारी सकाळी माझ्या खिडकीशी एक गृहस्थ उभा होता. त्याचं पाकीट हरवलं होतं. 'प्रामाणिक माणसास बक्षीस' या जाहिरातीच्या ओळीतला 'प्रामाणिक' ठेवावा की काढावा या विचारात तो घामाघूम झाला होता, आणि तेवढ्यात कालिनाबाईंचा, माझ्या वकिलांचा फोन आला. "बोग्नाबाई, दावा तयार आहे. शेवटच्या पानावरची एक चौकट तेवढी रिकामी आहे. माफीचा मजकूर." मी म्हटलं, "मग घाला की." "मी नाही घालायचा. तुम्ही द्यायचा. समोरच्यानं नेमकं काय म्हणायचं, कोणत्या शब्दांत, हे मागणाऱ्यानंच लिहून द्यायचं असतं. कोर्ट त्यातलं कापू शकतं, भर घालू शकत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत पाठवा. शुक्रवारपासून मी बाळंतपणाच्या रजेवर." मी फोन ठेवला. गृहस्थ म्हणाला, "काढा तो 'प्रामाणिक'. लबाडानं आणून दिलं तरी मला चालेल." मी शब्द काढला, आणि त्याचे पैसे मात्र तसेच लावले. अठ्ठावीस वर्षांत पैशाची चूक माझ्याकडून झाली नव्हती.

लुब्लिनच्या एका जुन्या वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या खिडकीमागे मी बसते. शहरातली माणसं मी ओळीवरून ओळखते. मेलेल्या बापाच्या नावामागे 'प्रिय' लिहायचं की 'परमप्रिय' यावर सख्ख्या बहिणी माझ्यासमोर भांडल्या आहेत, आणि शेवटी दोघींनी मिळून दोन्ही शब्द काढले आहेत. दफनाला आलेल्यांचे आभार मानताना लोक डॉक्टरांचं नाव घालतात ते उपकारानं की टोमण्यानं, हे मला स्वल्पविरामावरून कळतं. आणि माफ्या. वर्षाकाठी सात-आठ येतातच, कोर्टाच्या हुकमाच्या. हुकमात सगळं ठरलेलं असतं. पान कितवं, अक्षर केवढं, चौकट किती जाड. एकदा एक पाववाला आला होता. शेजाऱ्याला चारचौघांत चोर म्हणाल्याबद्दल त्याला माफी छापायची होती. "बाई, तिरपा टाइप चालेल का? तिरपं कोणी वाचत नाही." मी म्हटलं, हुकमात सरळ लिहिलंय. "मग टायरच्या जाहिरातींमध्ये टाका." मी म्हटलं, हुकमात तिसरं पान लिहिलंय. तो म्हणाला, "त्या शेजाऱ्यानं बसून लिहिलंय हे, माझ्या तोंडात घातलंय." तेव्हा मी हसले होते. मागणाऱ्यानं बसून लिहिण्यात काय असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

कालिनाबाईंकडे मी पहिल्यांदा गेले ती मार्चमध्ये. वयानं माझ्या मुलीसारखी बाई, पोट नुकतंच दिसायला लागलेलं, टेबलावर खारवलेल्या काकडीची बरणी. म्हणाल्या, "माफ करा, हल्ली दर तासाला लागते." मग एकेक दार उघडून दाखवावं तसं त्यांनी मला सांगितलं. फौजदारीचं दार बंद, कारण माझ्या लहानपणी ज्यानं ते केलं तो आमच्या गावचा पाद्री आठ वर्षांपूर्वी वारला आणि मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. धर्मप्रांताची, म्हणजे बिशपच्या कचेरीची, स्वतःची चौकशी झाली, तिचं पत्र माझ्या पिशवीतच होतं. उरला दिवाणी दावा, धर्मप्रांतावर, कारण त्याला गावच्या पाद्रीघरात त्यांनी ठेवलं होतं आणि त्याच्याविषयी एक तक्रार आधीच त्यांच्या कपाटात होती. "भरपाई मागता येईल, पण ते म्हणतील मुदत कधीच संपली, आणि त्यावर दोन-तीन वर्षं भांडण चालेल. कदाचित जिंकू, कदाचित नाही." मग त्यांनी काकडीचा तुकडा तोंडात टाकला. "माफीची मागणी मात्र वेगळी. पैशाला मुदत असते, बाई. माफीला नसते." कायद्याच्या पुस्तकात अशी माणसासारखी गोष्ट लिहिलेली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मग मला तेवढंच द्या. त्यांनी वही उघडली आणि खालच्या आवाजात विचारलं, किती वेळा. मी ताबडतोब म्हटलं, "सतरा. अकरा आणि सहा." त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, असं कोणी सांगत नाही, लोक म्हणतात आठवत नाही, पुष्कळदा, हिवाळाभर. "तुम्हाला इतकं नेमकं कसं आठवतं? समोरचा वकील हेच विचारेल." मी म्हटलं, मी मोजलं होतं. कबुलीसाठी.

हे कालिनाबाईंना समजावून सांगायला लागलं नाही, त्याही इथल्याच. मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधी पाद्र्यापुढे पापांची पहिली कबुली असते, आणि कबुलीच्या आधी आपापल्या मनाचा हिशेब मांडायचा असतो. आमच्या भाषेत त्याला हिशेबच म्हणतात. पहिल्या आज्ञेपासून दहाव्यापर्यंत, कोणती मोडली आणि किती वेळा. संख्या न सांगितलेली कबुली अर्धी, आणि अर्ध्या कबुलीवर प्रसाद घेणं हे आणखी एक पाप. हे आम्हाला त्या पाद्र्यानंच शिकवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, त्याच्या घरातल्या खालच्या खोलीत, आणि वर्ग सुटल्यावर मला प्रार्थनेच्या ओळी पाठ नाहीत म्हणून थांबवून. त्या खोलीबद्दल मी दाव्यात चौथ्या परिच्छेदापासून सहाव्यापर्यंत लिहिलं आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. एकोणीसशे ब्याऐंशीचं वर्ष होतं, मी नऊ वर्षांची, गणितात हुशार. चौकटीच्या वहीचं पान फाडून मी लिहिलं होतं, आईशी खोटं बोलले, चार. रेशनची साखर खाल्ली, दोन. सहाव्या आज्ञेविरुद्ध, अकरा. सहावी आज्ञा, 'व्यभिचार करू नकोस', काय म्हणते ते मला समजलेलं नव्हतं, पण ज्याचं नाव घेत नाहीत ते सगळं तिच्याखाली येतं एवढं कळलं होतं. कबुली ऐकायला दुसऱ्या गावाहून एक म्हातारा पाद्री आणला होता. लाकडी जाळीपलीकडून त्यानं विचारलं, "अकरा?" मी म्हटलं, हो. "एकटीनं की कोणाबरोबर?" मी म्हटलं, कोणाबरोबर. जाळीतून कांद्याचा वास येत होता. त्यानं बराच वेळ श्वास घेतला, आणि मग म्हणाला, पुन्हा करू नकोस, मारियेची प्रार्थना तीन वेळा म्हण. मी गुडघे टेकून तीन वेळा म्हटली, आणि खोटं कशाला सांगू, बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं होतं. शून्य झालं होतं. पुढच्या शुक्रवारी शून्याचा एक झाला. सहापर्यंत गेलं. मग पुढच्या वर्षीची मुलं आली आणि मला ओळी पाठ येत नाहीत असं त्याला वाटेनासं झालं.

सोमवारी रात्री काही सुचलं नाही, मंगळवारी मी कार्यालयात कामाच्या कागदावर सुरुवात केली. आधी धर्मप्रांताचं पत्र समोर ठेवलं. फार गुळगुळीत पत्र. 'त्या काळात जे काही घडलं असेल त्यामुळे आपल्या मनाला यातना झाल्या असल्यास आम्हाला अतीव दुःख होत आहे.' माझ्या खिडकीशी कोणी हे आणलं असतं तर मी पेन्सिलीनं तीन खुणा करून परत दिलं असतं. 'घडलं', म्हणजे पाऊस पडावा तसं, कोणी न करता. 'असेल', 'असल्यास', म्हणजे झाल्या नसल्यास पत्र परत पाठवावं. आणि दुःख कोणाला, तर त्यांना. सांत्वन बहुधा मीच करायचं होतं. मी 'घडलं' खोडलं आणि वर 'केलं' लिहिलं. 'केलं' लिहिलं की कोणी ते लिहावं लागतं, आणि त्याचं नाव लिहिताना पेन अडलं. बेचाळीस वर्षांत मी ते नाव हातानं लिहिलं नव्हतं. दाव्यात ते कालिनाबाईंनी टाइप केलं होतं. मी वाक्य फिरवलं, 'आम्ही' पासून सुरू केलं. 'आम्ही, धर्मप्रांत, मान्य करतो की'. आणि त्या 'आम्ही'त शिरल्याबरोबर मला त्याच्या झग्याचा वास आला, मेण, ओली लोकर आणि तंबाखू, जणू मी तोच अंगावर चढवून आरशात पाहत होते. खुर्ची मागे सरकली. पलीकडे पानं लावणारा रोमुआल्द आहे, पंधरा वर्षं माझ्या चुका पकडून जगणारा माणूस. त्यानं मान काढली. "बोग्ना, मेलीस की काय? आज एका मृत्यूच्या जाहिरातीत तू 'दुःखद' दोनदा टाकलंयस. एकदा मेला बिचारा, दोनदा कशाला दुःखी करतेस?" मी विचारलं, "रोमुआल्द, कोणी तुझी माफी मागायची असेल, तर तू काय लिहून घेशील?" "बायकोनं? 'तुझी आई सुपाबद्दल म्हणत होती ते बरोबर होतं.' खाली सही, शिक्का." "पण मजकूर तूच लिहायचा. तिनं फक्त सही करायची." त्यानं हातातली पेन्सिल कानामागे खोचली. मग म्हणाला, "मग त्यात राम काय? ते तर मीच मला म्हटल्यासारखं झालं." आणि 'दुःखद' एकदा कापायला निघून गेला.

त्या दिवसात मी नऊ मसुदे केले. एकात फार विशेषणं होती, वाचताना मलाच माझी कीव आली, तो फाडला. एक चार शब्दांचा होता, तो एखाद्यानं ट्राममध्ये पायावर पाय पडल्यावर म्हणावा तसा वाटला. पण खरी अडचण विशेषणांची नव्हतीच. माफी मागायची तर कोणाची, हे वाक्यात यावं लागतं. कालिनाबाई म्हणाल्या होत्या, "आद्याक्षरं चालतात. बो. स. एवढंच छापतात पुष्कळजण." आद्याक्षरं छापली तर ती माफी वाऱ्यावर मागितल्यासारखी, आमच्या गावात शंभर बो. स. निघतील. आणि पूर्ण नाव छापलं तर ते आमच्या वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर येणार, आणि आमचं वर्तमानपत्र माझी आई घेते. एकोणऐंशी वर्षांची आहे. मागून उघडते, भिंग घेऊन आधी मृत्यूची पानं वाचते, कोण गेलं, किती वर्षांचं, मुलं किती. आई गावातल्या जपमाळ मंडळात आहे. देवळातली फुलं बदलते. आणि त्या पाद्र्याच्या थडग्याचा दगड पुसायला मंडळातल्या बायकांच्या पाळ्या लागलेल्या आहेत, महिन्याचा दुसरा शनिवार आईचा. ती ब्रश आणि साबण घरून नेते. हे मला ठाऊक आहे आणि मी आठ वर्षं त्या शनिवारी तिला फोन करत नाही. दाव्याच्या सातव्या परिच्छेदात मी लिहिलं आहे की मी त्याच हिवाळ्यात आईला सांगितलं होतं आणि तिनं काही केलं नाही. ते वाक्य लिहिताना माझं पेन कुठेच अडलं नव्हतं. उलट ते इतकं सरळ आलं की जणू आयुष्यभर तोंडाशी ठेवलेलं होतं. आता ते वाक्य कोर्टात जाणार, आणि नाव छापलं तर आईसमोर. तिला तिसऱ्या पानावर भिंगाखाली मी सापडू नये, निदान त्याआधी माझ्या तोंडून तरी कळावं, म्हणून बुधवारी रजा टाकून मी सकाळच्या बसनं गेले.

आई अंगणात लाकडी स्टुलावर बसली होती, मांडीवर पातेलं, बाजूला आंबट चेरींची बादली. चेरीतल्या बिया ती अजून केसांच्या आकड्यानं काढते, मी दिलेलं यंत्र डब्यातच पडून आहे. कोपरापर्यंत हात लाल. मला पाहून तिनं आधी फाटकाकडे पाहिलं. "कोण गेलं?"

"कोणी नाही गं."

"मग बुधवारी कशाला आलीस? कामावरून काढलं?"

"नाही काढलं."

"काढतील. आता सगळे फोनवरच जाहिराती देतात, शेजारच्या झोफियाच्या नातवानं गाय फोनवर विकली. बस. तो जुना ॲप्रन घे, त्या ब्लाउजवर डाग पडला तर जाणार नाही. थंड बीटाचं सूप आहे, पण ते दुपारी." तिनं केसातला दुसरा आकडा काढून मला दिला.

मी सात-आठ चेरींच्या बिया काढल्या. मग सांगितलं. दावा, कोर्ट, कोणाविरुद्ध, कशाबद्दल. मी वाक्यं बसमध्ये जमवून आणली होती, ती सगळी संपली तरी आईचा हात थांबला नाही. आकडा आत जायचा, बी बाहेर यायची, बी पत्र्याच्या डब्यात पडायची. शेजारच्या कुत्र्यानं कंटाळून जांभई दिली तेवढा आवाज. मग मी म्हटलं, "तुला मी तेव्हाच सांगितलं होतं, आई. हेही त्यात आहे."

"नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं. स्वयंपाकघरात. तू चुलीशी होतीस."

"तू म्हणालीस पोट दुखतंय." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "चुलीशीच होते मी. तू दाराला टेकून उभी राहिलीस आणि म्हणालीस, आई, शुक्रवारी मला पोट दुखतं. मी पुदिन्याचा चहा दिला. तू कपात बघत बसलीस."

मला कप दिसला. निळी कड, कान तुटलेला. कपात पाहत बसलेली मी दिसले, आणि माझं तोंड उघडलेलं दिसलं, पण त्यातून आलेले शब्द, जे मी बेचाळीस वर्षं ऐकत आले होते, ते तिथे नव्हते. पोट होतं. तिथे फक्त पोट होतं. सातवा परिच्छेद खोटा होता आणि तो मी शपथेवर सही करून दिला होता. जमीन सरकते म्हणतात तसं काही झालं नाही. फक्त बोटांत धरलेली चेरी फार बारीक वाटायला लागली. समोरचा वकील हेच पकडेल, असा एक हिशेबी विचार आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की मग आईवर माझा काहीच दावा उरला नाही. एवढ्या वर्षांचा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. मी आकडा खाली ठेवायला गेले.

"पण मला कळलं होतं ते पोट नव्हतं," आई म्हणाली.

तिनं एक बी काढली, डब्यात टाकली. "सकाळी लोकरीचे लांब मोजे मीच घालायचे तुला. तुझी बोटं गारठायची, तुला जमायचे नाहीत. शिवण आतून. संध्याकाळी तू यायचीस तेव्हा शिवण बाहेर असायची. एकदा असतं, मूल कुठे ओलं होतं, बदलतं. मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मी पाहिलंच नाही. डोळे मिटून उलटवले आणि धुतले." मग बऱ्याच वेळानं, जणू ते दुसऱ्याच कोणाबद्दल होतं, "तुझे बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. परदेशातनं मदतीची खोकी यायची आणि वाटायची तीच माणसं, देवळातली. पिवळं चीज, साबण, दुधाची पावडर. कोणाला द्यायचं ती यादी त्याच्याकडे होती."

आकडा माझ्या हातातच राहिला. बोलायचं होतं ते सगळं सातव्या परिच्छेदात होतं आणि ते आता चुकीचंही होतं आणि बरोबरही. आईनं हात ॲप्रनला पुसले. "आण बघू ते."

"काय?"

"लिहिलंयस ना काही. तू लिहिल्याशिवाय येशील?"

मी पिशवीतून रात्री उतरवलेला दहावा मसुदा काढला. तिनं खिशातलं भिंग काढलं, कागद मांडीवरच्या पातेल्यापासून लांब धरला आणि ओठ हलवत वाचला. आम्ही, धर्मप्रांत, मान्य करतो की आमच्या पाद्र्यानं, इथे एक जागा मोकळी होती, एकोणीसशे ब्याऐंशी साली नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, आम्हाला त्याच्याबद्दल आधी सांगितलं गेलं होतं आणि आम्ही त्याला तिथेच ठेवलं. आम्ही तिची माफी मागतो. आईनं मोकळ्या जागेवर लाल बोट ठेवलं. "इथे त्याचं नाव घाल. दगडावर तर ठसठशीत आहे, मी ब्रशनं घासते प्रत्येक अक्षर." मग खाली बोट आणलं. "आणि इथे 'मुलगी' काय? मुलीला नाव नाही?"

"आद्याक्षरं घालायचा विचार होता. तुझ्यासाठी. गावात राहायचंय तुला."

"मी रोज वाचते तुझं ते पान," आई म्हणाली. "आद्याक्षरं मेलेल्यांनाही घालत नाहीत." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, जणू कुठेतरी छपाईची चूक राहिली आहे. "एक राहिलं. 'तिनं काही केलं नव्हतं.' हे कुठंय यात?"

मी म्हटलं, आई, ते माफीत बसत नाही. वकीलबाई म्हणतील ते निवेदन आहे, कोर्ट कापून टाकेल. "कापू दे. तू घाल." मी गुडघ्यावर कागद ठेवून ते वाक्य लिहिलं. त्याचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, बोग्ना स्तेम्पिन्स्का, पूर्ण. माझ्या बोटाचा लाल ठसा समासात उठला. वरच्या कोपऱ्यात मी दाव्यातला सातवा परिच्छेद बदलायचा म्हणून एक खूण केली, आणि त्या जागी काय लिहायचं ते मला सुचेना. 'सांगितलं' नाही. 'लपवलं' नाही. आई माझ्या पेनाकडे पाहत होती.

"हे त्यांच्यावर आहे सगळं," ती म्हणाली. "मी नाही ना यात?"

"नाही. तू साक्षीदार असशील, बोलावलं तर."

"येईन." तिनं बादलीतली एक चेरी उचलली, फिरवली, परत ठेवली. मग माझ्याकडे न पाहता, खिडकीशी उभं राहून लोक विचारतात तसं, अगदी साध्या आवाजात तिनं विचारलं, "मग माझी माफी कुठे छापायची?"

डब्यातल्या बियांवर एक गांधीलमाशी येऊन बसली होती. मी त्या माशीकडे पाहत राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही, मी मोजलं नाही.

"पातेलं भरलं," मी म्हटलं. "दुसरं दे."

पातेलं जेमतेम अर्धं झालं होतं. आईनं त्याच्यात पाहिलं, मग उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि दुसरं आणायला आत गेली.